सूर्यदेवाच्या भरवशावर चिकन!

सोमवार सकाळ, साडेनऊ. आमच्या प्रोजेक्टचं रिलीज दुपारी दोनला, आणि सात जणांच्या टीममधले चार जण गायब! ग्रुपवर एकामागून एक मेसेज पडत होते. ‘रात्रभर जागा आहे, पोट.’ ‘सेम हिअर.’ ‘आज मी डेस्कपेक्षा दुसऱ्याच ठिकाणी जास्त वेळ बसणार आहे, समजून घ्या.’ चौथा गायब मीच होतो. एका हाताने पोट धरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मनातल्या मनात एकच प्रार्थना करत होतो, की या चौघांमधला समान धागा मॅनेजरच्या लक्षात येऊ नये.

तो यायला फार वेळ लागला नाही. आदल्या दिवशी हे सगळे माझ्या टेरेसवर जेवले होते. जे दोघं आले नव्हते ते ऑफिसात हजर होते, आणि आलेल्यांपैकी एकटी शाकाहारी मैत्रीण ठणठणीत होती. मेन्यू काय होता? सोलर कुकरमधलं चिकन!

संध्याकाळी कसाबसा डॉक्टरांकडे गेलो. काय खाल्लंत, वगैरे झालं. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, ‘चिकन नीट शिजलेलं होतं हो डॉक्टर. हाडापासून सुटत होतं!’

‘शिजलं किती वाजता?’

‘एक वाजता.’

‘खाल्लंत किती वाजता?’

‘पाच. सगळ्यांना यायला उशीर झाला...’

‘आणि मधले चार तास ते कुठे होतं?’

‘कुकरमध्येच. गरम राहावं म्हणून.’

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘गरम, की कोमट?’

वरणाचा कुकर, मटणाचं स्वप्न

आता ही भानगड मुळात आली कुठून ते सांगतो. मी कोल्हापूरचा. आमच्या गच्चीवर मी शाळेत असल्यापासून एक सोलर कुकर आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो असेल, निदान माळ्यावर तरी. मोठ्या सुटकेससारखी पेटी, आत काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा ट्रे, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा आणि काळे रंगवलेले चार गोल डबे. आई सकाळी नऊ-साडेनऊला डाळ-तांदूळ, बटाटे लावायची आणि साडेबाराला गरमागरम वरण-भात खाली आणायची. दुपारच्या उन्हात शेंगदाणे, रवा भाजून व्हायचा. मटण मात्र रविवारी, खाली, गॅसवर. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाली, ‘मटण काय उन्हात शिजतंय होय रे? आणि माझ्या वरणाच्या डब्यात तर अजिबात नाही!’

पुण्यात नोकरी लागली, कर्वेनगरात टेरेसवाला फ्लॅट मिळाला आणि मी तो कुकर एसटीच्या डिकीत घालून घेऊन आलो. (आईने नवा घेतला. जुन्याची काच जरा चरे पडलेली होती, एवढ्यावर माझी बोळवण.) गॅस वाचेल, पर्यावरणाचं भलं होईल वगैरे कारणं मी सगळ्यांना सांगितली. खरं कारण वेगळंच होतं. रविवारी सकाळी डबा लावायचा, पेपर वाचत लोळायचं आणि दुपारी चिकन आपोआप तयार! आळशी माणसासाठी याहून भारी शोध नाही.

आणि चिकन खरंच शिजतं बरं का. कुणी ‘उन्हात काय मांस शिजणार’ म्हणालं तर पैज लावा. ऊन काचेतून आत येतं, काळा पत्रा ते पितो आणि तापतो, आणि तापलेल्या पत्र्यातून निघणारी उष्णता काच सहजासहजी बाहेर सोडत नाही. बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत बसल्यावर जे होतं तेच, फक्त जास्त. ओरेस-बेनेडिक्ट द सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७६७ साली काचेच्या पेट्यांमध्ये फळं शिजवून पाहिली होती आणि पुढे लाकडाच्या पेटीत शंभर अंशांच्या वर मजल मारली होती. आपला घरगुती कुकरसुद्धा स्वच्छ उन्हात रिकामा ठेवला तर शंभराच्या बराच वर जातो. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की खायला सुरक्षित. मटणाच्या खिम्याला ७१. मटणाच्या अख्ख्या तुकड्यांना ६३ आणि वर तीन मिनिटं थांबायचं, असं अमेरिकी प्रमाण असलं तरी आपलं बोकडाचं मटण त्या तापमानाला चप्पल असतं. ते मऊ व्हायला नव्वदीच्या आसपास दोन-तीन तास लागतातच. म्हणजे कुकरची ताकद हा प्रश्नच नाही. मग आमचं काय चुकलं?

विरजणाचं तापमान

डॉक्टरांनी एक उदाहरण दिलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. ‘घरी दही लावता का? दूध कसं घेता?’ कोमट. उकळतं घेतलं तर विरजण मरतं, फ्रिजमधलं घेतलं तर लागत नाही. कोमट दुधात मात्र ते रात्रभरात वाढून पातेलंभर होतं. ‘तुम्ही चार तास चिकनला विरजण लावत बसलात,’ ते म्हणाले. ‘फक्त ते दह्याचं नव्हतं.’

त्यानंतर मी जे वाचलं ते थोडक्यात असं. पाच ते साठ अंश हा जिवाणूंचा आवडता पट्टा. त्याच्या खाली ते सुस्तावतात, वर मरू लागतात. पण काही जिवाणू चिवट असतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा एक पाहुणा मांसात बऱ्याचदा असतो. तापमान वाढलं की तो स्वतः मरतो, पण त्याचे बीजाणू, म्हणजे चिलखत घातलेली बीजंच म्हणा, उकळत्या रश्श्यातही टिकून राहतात. रस्सा हळूहळू निवत पन्नासच्या खाली आला की ती बीजं जागी होतात. ४३ ते ४७ अंशांत तर हा प्राणी दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. मी इंजिनीअर, लगेच हिशेब केला : चार तासांत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे कागदावर एकाचे दीड कोटीहून जास्त! त्याने होणारा त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो. पोटात मुरडा, जुलाब, ताप सहसा नाही, आणि दिवसभरात बरं वाटतं. पाचला जेवलो, मध्यरात्री सुरुवात, सोमवारी रात्री सगळे ठीक. आमची तपासणी कुणी केली नाही, पण डॉक्टरांचा संशय याच्यावरच होता.

म्हणजे चिकन कच्चं नव्हतंच. एक वाजता ते उत्तम शिजलेलं होतं. तो मे महिना होता, आणि मे महिन्यात पुण्यात दुपारी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दीडच्या सुमाराला वळवाचे ढग जमले. ऊन गेलं, पण पेटीच्या भिंतींमध्ये कापूस भरलेला, त्यामुळे आतली ऊब टिकून राहिली. हाताला डबा ‘छान गरम’ लागत होता. ती छान गरम ऊबच आम्हाला महागात पडली. गॅसवरचं पातेलं निदान भराभर निवतं तरी. सोलर कुकर ढगाळ दुपारी अगदी मनापासून काम करणारी उबवणी पेटी होतो!

आणि गंमत म्हणजे आईने इतक्या वर्षांत एकदाही ही चूक केली नव्हती. साडेनऊला लावलं, साडेबाराला काढलं, पाऊणला ताटात. तिला परफ्रिन्जेन्स माहीत नव्हता, पण वेळ पाळायची माहीत होती.

सळई टोचा, बोट नको

त्यानंतर महिनाभर कुकर तसाच पडून होता. रूममेट म्हणाला, ‘विकून टाक, नाहीतर त्यात चादरी ठेव.’ पण मी हट्टाला पेटलो. चुकून लोकांना आजारी पाडलं, तर आता मुद्दाम बरं खायला घालून दाखवायचं.

पहिली खरेदी थर्मामीटरची. स्वयंपाकाचा, लांब सळईचा, डिजिटल. शेजारच्या मेडिकलमधला तापाचा नव्हे! मी वायरवाला घेतला. सळई मांसाच्या सगळ्यात जाड तुकड्यात टोचायची, हाडाला न टेकवता, आणि बारीक वायर काचेखालच्या रबरातून बाहेर काढायची. झाकण न उघडता बाहेर आकडा दिसतो. हे महत्त्वाचं, कारण दर वेळी काच उघडली की आतली कमाई उडून जाते आणि पुन्हा जमवायला दहा-पंधरा मिनिटं जातात. ‘शिजलंय का बघू’ म्हणत दर अर्ध्या तासाला डोकावणारे नातेवाईक या कामाला चालत नाहीत. रंगावर विसंबू नका. गुलाबी चिकन कधी शिजलेलं असतं आणि पांढरं कधी कच्चं असतं.

मग घड्याळ. माझा नियम असा : डबा पेटीत गेल्यापासून दोन तासांच्या आत आकडा साठ ओलांडून गेला पाहिजे. नाही गेला तर वाद नाही, डबा सरळ गॅसवर आणि उकळी. आणि एकदा शिजलं की आकडा साठच्या खाली यायच्या आत जेवायला बसायचं, किंवा डबा गॅसवर घ्यायचा.

हे साधायचं तर सुरुवात जोरात झाली पाहिजे. रिकामी पेटी, डब्यांसकट, साडेनऊलाच उन्हात ठेवतो. दहा-सव्वादहाला ती तापलेली असते. वाटण, कांदा-खोबरं, तेल-तिखट हे सगळं आधी गॅसवर परततो. एक तर पेटीत काहीच खरपूस होत नाही, आत सगळी वाफ, त्यामुळे परतल्याशिवाय रश्श्याला चव येत नाही. आणि दुसरं म्हणजे उकळता मसाला चिकनवर ओतला की थंड मांसाची निम्मी वाट तिथेच कापली जाते. तुकडे लहान, दोन बोटांएवढे. एका डब्यात अर्धा किलोच्या वर नाही आणि पाणी अगदी नावाला, कारण प्रत्येक वाटी पाणी तापवायला ऊनच खर्च होतं. डबे चार असले तरी मांसाच्या दिवशी मी दोनच लावतो. चारही गच्च भरले की सगळेच कोमट, हा पहिल्या रविवारचा दुसरा धडा.

फ्रीझरमधलं चिकन आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये ठेवायचं, ओट्यावर नाही. दह्यात मुरवायचं तेही फ्रिजमध्ये. दह्याच्या आंबटपणाने जिवाणू मरतात हा गैरसमज आहे. आणि कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, असं जगभरचे अन्नसुरक्षावाले सांगतात, कारण पाण्याबरोबर जंतू बेसिनभर उडतात. हे मी आईला सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

पेटी दर अर्ध्या-पाऊण तासाने सूर्याकडे फिरवायची. आरशाची चमक काचेवर बरोबर पडतेय ना एवढं बघायचं. चिकन मला फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ दिवशी सव्वादोन-अडीच तास घेतं, मटण चार तास. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांनाच उकळतं, आणि पेटीतला रस्सा सहसा त्याच्याही जरा खालीच राहतो. म्हणून करपत नाही, तळाला लागत नाही आणि मटण असं काही मऊ होतं की रूममेटने चादरींचा विषय पुन्हा काढला नाही. नवशिक्यांनी मात्र मटणाने सुरुवात करू नये. आधी अंडी, मग मासे. बांगडा तासाभरात होतो आणि फसला तर नुकसानही कमी.

मोठ्या तबकडीचे कुकर मिळतात, त्यांचं गणित वेगळं. ते ऊन एका जागी गोळा करतात आणि गॅससारखे भराभर चालतात. शिर्डीच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये अशा ७३ तबकड्या बसवल्या, त्या वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होतो. फ्लॅटच्या टेरेसवर आपली पेटीच बरी.

ऑक्टोबर हीट

हे सगळं जमल्यावर साहजिकच मी टीमला पुन्हा बोलावलं. ‘लाइफ इन्शुरन्स काढून येऊ का?’ इथपासून सुरुवात झाली, पण आले सगळे. ऑक्टोबरचा रविवार, कडकडीत ऊन. दीड किलो मटण, या वेळी तीन डब्यांत. (हो, दोनचा नियम मीच मोडला. माणसं जास्त होती.) टीममधल्या एकीला सातवा महिना होता आणि तिला मटणाचे डोहाळे लागले होते. तिने आठवडाभर आधी बजावलं होतं, ‘माझा तांबडा रस्सा तिखट हवा.’

साडेदहाला डबे आत गेले. सव्वाअकराला आकडा ४८. झकास! तेवढ्यात ऑफिसचा फोन, रविवारी, सर्व्हर झोपला. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला आणि ‘पाच मिनिटांत आलो’ असं स्वतःलाच म्हणालो. बाहेर आलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. आकाश पांढरं, ढगांची चादर, पेटीची सावलीसुद्धा पडत नव्हती. आकडा : ४६.

मधल्या अडीच तासांत तो साठच्या वर गेला होता का? किती वेळ? कधी खाली आला? माझ्या थर्मामीटरला मेमरी नाही आणि मला सर्व्हरशिवाय काही आठवत नव्हतं. झाकण उघडलं. वास अप्रतिम. मसाल्याला तेल सुटलेलं. एक तुकडा दाबून बघितला, अर्धवट मऊ.

रूममेट म्हणाला, ‘अरे, खळखळून उकळी आण दहा मिनिटं. सगळं मरतं.’

आणि हेच तर मला सहा महिन्यांपूर्वीपर्यंत खरं वाटत होतं. उकळीने जिवाणू मरतात. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे काही जिवाणू कोमट अन्नात बसून विष तयार करतात आणि ते विष उकळल्याने जात नाही. जिवाणू मेले तरी त्यांनी करून ठेवलेलं काम उरतं. दोन तासांच्या आत असतो तर मी डबे निर्धास्त गॅसवर चढवले असते. इथे सव्वातीन तास झाले होते, आणि खात्री कशाचीच नव्हती.

टेरेसच्या दारात सगळे उभे होते. प्लेटा हातात. सातव्या महिन्यातली मैत्रीण काहीच बोलली नाही, फक्त डब्याकडे बघत होती. खरं सांगतो, पोटात गोळा आला. हजाराहून जास्त रुपयांचं मटण, तीन तासांची मेहनत, आणि वर ‘बघा, आता मला जमतं’ असं दाखवायची खुमखुमी. तिला वेगळं काही मागवून देऊ आणि बाकीच्यांनी उकळून खाऊ, असाही विचार क्षणभर आला. मग ते सोमवारचे मेसेज आठवले.

तिन्ही डबे पिशवीत रिकामे केले, दोन गाठी मारल्या, खाली कचऱ्यात नेऊन टाकले. सोसायटीतली मांजरं पायऱ्यांवर आशेने बसली होती, त्यांनाही दिलं नाही. वर आलो तर शाकाहारी मैत्रिणीने कांदा चिरायला घेतला होता. वीस मिनिटांत कढईभर पिठलं झालं, भात प्रेशर कुकरमध्ये. सातव्या महिन्यातल्या बाईंनी पिठल्यावर कच्चं तेल आणि कोल्हापुरी चटणी घेतली, दोनदा. ‘तांबडा रस्सा उधार राहिला,’ जाताना म्हणाली.

तो मी जानेवारीत फेडला. तिच्या घरी डबा पोचवला, सळईचा आकडा ९३ असताना गॅसवर उकळून, गरम थर्मासमध्ये भरून. उरलेला त्याच तासाला पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये टाकायचा, असं तिच्या सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘उरतंय कशाला?’

गेल्या महिन्यात कोल्हापूरला गेलो होतो. सकाळी गच्चीवर चहा घेऊन गेलो, तर आईचा नवा कुकर उन्हात तापत ठेवलेला. बाजूला दोन जुने डबे, नव्याने काळे रंगवलेले, आणि त्यांच्या झाकणांवर खिळ्याने ओरखडून काढलेलं अक्षर : ‘म’.

‘हे काय?’

‘वरणाचे वेगळे आहेत,’ आई म्हणाली. ‘तुझी ती सळई आणलीस का?’